चौथ्या बाटलीपाशी

चौथ्या बाटलीच्या सगळ्या प्लेटा कोऱ्या निघाल्या.

इन्क्युबेटरचं दार संस्थेच्या साहेबांनी स्वतः उघडलं होतं. त्यांच्या मागे पडताळणी समितीची माणसं, त्यांच्याही मागे कीडनाशक कंपनीचा प्रतिनिधी, आणि सगळ्यांत शेवटी भिंतीला पाठ लावून धाकटी उभी होती. साहेबांनी एकेक प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. ज्या प्लेटांवर शेकडो पांढरे ठिपके दाटीवाटीने उगवायला हवे होते, तिथे चुकार चार-दोन ठिपके तेवढे होते.

“म्हणजे गेल्या महिन्यात तुम्ही दाखवलेले ठिपके खोटे होते,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

“खोटे नव्हते,” धाकटी म्हणाली. पण तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला नसेल.

“चार वाजता बैठक आहे. खुलासा असेल तर तोपर्यंत द्या. नसेल तर नोकरी जाईल, आणि पुढे कुठल्याच प्रयोगशाळेत तुम्हाला उभं करणार नाहीत.”

कंपनीच्या प्रतिनिधीला हसू आवरेना, म्हणून तो खोकला. तो जिथे जाई तिथे त्याच्याआधी त्याचा सुगंध पोचायचा. म्हणून सगळी संस्था त्याला अत्तरवाले म्हणायची.

तेवढ्यात एक बाई पुढे झाली. धाकटीची थोरली बहीण. बॅक्टेरियांची खोली तीच सांभाळायची, आणि साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिने धाकटीच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तिला बाहेर नेलं. बघणाऱ्यांचे डोळे पाणावले. बहीण असावी तर अशी, असं दोघा-तिघांनी बोलूनही दाखवलं.

साहेबांनी दक्षता विभागाला फोन लावला.

दक्षता विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल आणि फौजदार मावशी. पोलिसातून निवृत्त झाल्यावर मावशींनी ही नोकरी धरली होती. अंगाने स्थूल, चालीने सावकाश, आणि कानाने तिखट. त्यांचं एक म्हणणं असे: पैशासाठी गुन्हा करणारा रात्री झोपतो, मत्सरापोटी करणाऱ्याला झोप येत नाही, तेव्हा आधी डोळे बघावेत. पण या इमारतीत त्या युक्तीचा काही उपयोग नव्हता. इथे एकाला नवा मायक्रोस्कोप मिळाला की शेजारच्या खोलीतल्याला ताप यायचा. सगळ्यांचेच डोळे तारवटलेले.

धाकटी जिन्यात बसली होती. अंगातला पांढरा कोट कडक इस्त्रीचा, आणि चेहरा मात्र चुरगळलेला.

“रडून झालं?” मावशींनी तिच्याशेजारी बसकण मारत विचारलं. “मग आता मला समजेल असं सांग. ठिपके म्हणजे काय?”

“हे बॅक्टेरिया लंगडे आहेत, मावशी. एक पोषक द्रव्य त्यांना स्वतःला बनवता येत नाही, आणि प्लेटवरच्या खाण्यातही ते आम्ही घालत नाही. म्हणून ते वाढत नाहीत. प्लेट कोरी राहते.”

“आणि ठिपके आले तर?”

“तर रसायनानं त्यांच्या जनुकांत ढवळाढवळ केली. त्यांतल्या काहींचा लंगडेपणा गेला, ते वाढले, ठिपका झाला. ठिपके जितके जास्त तितकं रसायन जनुकं बिघडवणारं. बॅक्टेरियांची बिघडवतं ते माणसांचीही बिघडवू शकतं.”

“हे कीडनाशक तसं आहे?”

“नुसतं घातलं तर नाही. ताईनं ते फार पूर्वीच तपासलं होतं. स्वच्छ निघालं, त्यावरच तर त्याला परवानगी मिळाली. पण ते फवारायचं बटाट्याच्या पिकावर. आणि झाडात एन्झाइम असतात. कापलेला बटाटा काळा पडतो ना, तो ज्यांच्यामुळे पडतो त्याच कुळीतले. ते या रसायनाला धरतात आणि त्याचं भलतंच काही करून टाकतात. झाडात शिरतं ते निरुपद्रवी असतं, आत तयार होतं ते घातक.”

“आणि हे तू शोधलंस.”

धाकटीने मान खाली घातली. “बटाट्याचा रस काढून त्यात कीडनाशक घातलं, एवढंच.”

मावशींनी एकेक करून सगळं काढून घेतलं. चाचणीत चार बाटल्या होत्या. पहिलीत नुसतं कीडनाशक. दुसरीत उकळलेला रस, कारण उकळल्यावर एन्झाइम मरतात आणि मग रसाने काही घडत नाही, हेही दाखवायचं असतं. तिसरीत एक ओळखीचं विष, बॅक्टेरिया धड आहेत याची खात्री करायला. चौथीत ताजा रस. चाचणीच्या वेळी दोन्ही रसांत कीडनाशक मिसळायचं. तिसरीच्या प्लेटांवर ठिपके भरभरून आले होते. म्हणजे बॅक्टेरियांचा दोष नव्हता.

“रस कधी काढलास?”

“चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. दोन्ही रसांच्या बाटल्यांना उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागद गुंडाळला आणि फ्रीजमध्ये कुलूप लावून ठेवल्या. मग मी घरी गेले. ताई मागे थांबली, तिला दुसऱ्या दिवसाच्या प्लेटा ओतायच्या होत्या.”

“किल्ल्या कुणाकडे?”

“माझ्याकडे, ताईकडे, साहेबांकडे.”

“उकळलेला आणि ताजा, दिसायला सारखेच?”

“छे! उकळला की रस फाटतो, नासलेल्या दुधासारखा. त्या गुठळ्या यंत्रात गरगर फिरवून काढल्या की वर राहतो तो नितळ. ताजा गढूळ असतो. लांबूनही ओळखू येतो.”

“मग चाचणीच्या दिवशी तू बघितलं नाहीस?”

“मला आत कुठे येऊ दिलं? माझा हात लागला असता तर पुन्हा संशय. मी काचेच्या पलीकडे होते. पिपेट ताईच्या हातात होतं.” तिने नाक पुसलं. “ताई होती म्हणून तर मला धीर होता, मावशी.”

मावशी बॅक्टेरियांच्या खोलीत गेल्या. खोली आरशासारखी लख्ख. बाटल्या उंचीप्रमाणे, कापूस डब्यात, फडकी घडी घालून. भिंतीवर वळणदार अक्षरात पाटी होती: डोळ्यांनी बघा, तोंडाने सांगा.

“हे काय?”

“ताईचा नियम,” धाकटी दारातूनच म्हणाली. “कुठल्याही बाटलीतून काही काढलं की ते कसं दिसतं ते तोंडानं म्हणायचं. नितळ, गढूळ, पिवळट, काय असेल ते. सगळे हसतात, पण पाळतात सगळे.”

शेजारी धाकटीची खोली होती. तिथल्या सिंकमध्ये मिक्सरचं भांडं तसंच पडलेलं, तळाशी शाईसारखा काळा गाळ.

“हे कशाचं?”

“त्याच रसाचं. धुवायचं राहून गेलं.” धाकटी ओशाळली. “माझी खोली अशीच असते. ताई ओरडते.”

मावशींनी भांडं उचललं, वास घेतला, आणि होतं तिथेच ठेवलं. “राहू दे. धुऊ नकोस.”

साहेब आपल्या केबिनमध्ये फेऱ्या मारत होते. कीडनाशक निर्धोक असल्याच्या दाखल्यावर त्यांची सही होती. धाकटी खरी ठरली असती तर साहेबांचं पितळ उघडं पडलं असतं. तरीही गेला महिनाभर ते गावभर तिची तारीफ करत होते. कारण तिच्या शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच जाणार होतं. दोन दगडांवर पाय ठेवणारा माणूस.

“चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आणि अत्तरवाले त्या मजल्यावर होतात,” मावशींनी सुरुवात केली.

“त्यांना खोली दाखवली. दारातूनच. आत कोणी गेलं नाही, ताईला विचारा. ती तिथेच होती.”

“तुम्हाला यातलं सगळं येत असेल ना? रस उकळणं, गुठळ्या काढणं?”

“म्हणजे काय! आयुष्य गेलं यात.”

“मग ते गरगर फिरणारं यंत्र जरा चालवून दाखवता?”

साहेब ऐटीत प्रयोगशाळेत शिरले. यंत्रापाशी गेले. झाकणाची खटकी कुठे आहे हे त्यांना सापडेना. एक बटण दाबलं तर शिट्टी वाजली, दुसरं दाबलं तर होता तो दिवाही गेला. शेवटी त्यांनी घाम पुसला. “हल्ली मुलंच करतात हे सगळं.”

“असू दे, असू दे,” मावशी म्हणाल्या. “पण रसाची कल्पना भारी हं. तुम्हाला लगेच पटली?”

“पटली म्हणजे, तिनं मांडली छान. फार मागे कुणीतरी असलंच काही सुचवलं होतं. मी म्हटलं, आपल्याला प्रयोग करायचाय की भाजी?” ते स्वतःच्या विनोदावर हसले. “सगळी मीटिंग हसली होती.”

“कुणी सुचवलं होतं?”

“आता कुठे आठवतंय!”

अत्तरवाले अभ्यागतांच्या खोलीत पाय लांब करून बसले होते. मावशींना पाहून त्यांनी पाय आवरले.

“माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट सांगतो, बाई. मला त्या बाटल्यांतलं ओ की ठो कळत नाही. मी विक्रीतला माणूस.”

“म्हणूनच तुम्हाला विचारते. चाचणीच्या वेळी तुम्ही आत होतात. काय पाहिलंत?”

“काही नाही हो. त्या ताई काम करत होत्या, आम्ही जांभया देत होतो. पिपेट बाटलीत घालायचं, वर धरायचं, काहीतरी पुटपुटायचं, प्लेटांवर सोडायचं. मला वाटलं, मंत्र म्हणतात की काय.”

“प्रत्येक बाटलीला पुटपुटत होत्या?”

अत्तरवाल्यांनी डोळे बारीक केले. विक्रीतल्या माणसाला समोरच्याचं तोंड वाचायची सवय असते. “नाही. शेवटच्या बाटलीला गप्प होत्या. मला वाटलं, थकल्या.”

मावशींनी त्यांना चहा मागवून दिला. त्यांच्या हातून असं क्वचितच होई.

ताई बॅक्टेरियांच्या खोलीत फडक्याने टेबल पुसत होती. आधीच स्वच्छ होतं ते.

“तुम्हीच तिला इथे आणलंत ना?” मावशींनी विचारलं.

“मीच. पिपेट कसं धरायचं तेही मीच शिकवलं. अजून कोटाला इस्त्रीही मीच करते. तिला कसलं भान नसतं, बाई. आई म्हणते, देवानं थोरलीला हात दिले आणि धाकटीला डोकं.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

फडकं थांबलं. “मला काय वाटायचंय? आई म्हणते ते खरंच असणार. घरी पाहुणे आले की आई तिच्याबद्दलच सांगते. मी पाणी आणते.”

“चाचणी तुम्ही केलीत. चौथ्या बाटलीतला रस कसा होता?”

“नेहमीसारखा.”

“नेहमी कसा असतो?”

“गढूळ.”

“आणि त्या दिवशी?”

“नेहमीसारखाच असणार ना!” ताईने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “तिची नोकरी वाचवा हो. नाहीतर ती स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल.”

ती हे मनापासून म्हणाली. मावशींना त्याचंच वाईट वाटलं.

चार वाजता सगळे जमले. अध्यक्षांच्या समोर चारही बाटल्या होत्या, चाचणी संपल्याबरोबर त्यांच्याच सहीने सील केलेल्या आणि तेव्हापासून फ्रीजमध्ये राहिलेल्या. अर्ध्या रिकाम्या. रसाच्या दोन्ही बाटल्यांवरचा चंदेरी कागद तसाच होता. मावशींनी त्यांच्याशेजारी सिंकमधलं मिक्सरचं भांडं आणून ठेवलं. अध्यक्षांनी नाक मुरडलं.

“याच्या तळाशी आहे तो त्याच बटाट्यांचा, त्याच संध्याकाळचा ताजा रस,” मावशी म्हणाल्या. “कसा आहे?”

“काळाकुट्ट,” धाकटी म्हणाली. आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिने चौथ्या बाटलीकडे पाहिलं, आणि उठून उभीच राहिली.

“बस,” मावशी म्हणाल्या. “ताई, तुम्ही या. सील साहेब तोडतील, कागद मी काढते. तुम्ही फक्त बाटली उजेडात धरा आणि तुमच्या पद्धतीनं सांगा. डोळ्यांनी बघा, तोंडाने सांगा.”

ताई आली. सावकाश. मावशींनी कागद उलगडला आणि बाटली तिच्या हातात दिली. ताईने ती खिडकीकडे धरली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

“नितळ,” ताई म्हणाली.

मग तिने बाटली टेबलावर ठेवली. अगदी हळू, आवाज न करता, जशी ती सगळ्या बाटल्या ठेवायची.

“ताजा रस असता तर इतक्या वेळात फ्रीजमध्येसुद्धा काळवंडला असता,” मावशी अध्यक्षांकडे वळल्या. “बाटली अर्धी रिकामी आहे, आत हवा आहे, तरी हा नितळ. म्हणजे यातले एन्झाइम मेलेले आहेत. चौथ्या बाटलीतला रस कुणीतरी उकळला. म्हणून प्लेटा कोऱ्या राहिल्या. पोरगी खरं बोलत होती.”

“पण कुणी?” साहेब म्हणाले.

“तुम्ही असता तर गुठळ्या तशाच राहिल्या असत्या, कारण ते यंत्र तुम्हाला उघडता येत नाही. अत्तरवाल्यांना तर बाटली कुठली हेही कळलं नसतं. आणि गुठळ्या राहिल्या असत्या तर सगळे म्हणाले असते, रस नासला, चाचणी पुन्हा घ्या. पण ज्यानं हे केलं त्याच्या हाताला घाणेरडं काम जमलं नाही. त्यानं गुठळ्या काढल्या, रस स्वच्छ केला, मग बाटलीत भरला. असे हात या इमारतीत एकाच माणसाचे आहेत.”

ताई आपल्या हातांकडे बघत होती.

“तरी मी म्हटलं असतं, नुसत्या हातांवरून कसं ठरवायचं? पण चाचणीत या बाईंनी प्रत्येक बाटलीला पाहिलं ते तोंडानं म्हटलं. चौथ्या बाटलीपाशी मात्र अळीमिळी गुपचिळी. गढूळ म्हणावं तर खोटं, आणि हातातल्या वस्तूबद्दल खोटं बोलायची या जिभेला सवय नाही. नितळ म्हणावं तर तिथेच सगळं संपलं. ज्याला माहीत नसतं तो रस नितळ बघून ओरडला असता. या गप्प राहिल्या.”

“ताई?” धाकटी म्हणाली. त्या एका शब्दात कितीतरी प्रश्न होते.

ताईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती साहेबांकडे बघून बोलली.

“भाजी करायचीय का, असं मला विचारलं होतंत तुम्ही. सगळे हसले होते. मीही हसले, काय करणार? झाडाच्या रसातून बघू या, असं मी म्हटलं होतं. मग हिनं म्हटलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. तीच गोष्ट! माझ्या तोंडी भाजी, हिच्या तोंडी शोध.” तिचा श्वास चढला. “मला हिचा हेवा वाटतो. वाटतो! लहानपणापासून वाटतो. ही कौतुकानं ताई म्हणते आणि माझ्या आत जाऊन त्याचं विष होतं. मला वाटलं, एकदाच पडू दे हिला. एकदाच. मग मी उचलेन.”

“नोकरी जाणार होती तिची,” मावशी म्हणाल्या.

“माहीत होतं.” ताई आता रडत होती. “म्हणून तर हिला धरून बाहेर नेलं. हिचा खांदा धरला तेव्हा मला किती बरं वाटलं. बरं वाटलं मला!”

अत्तरवाल्यांनी रुमाल काढला. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

धाकटी टेबलाला वळसा घालून आली. तिचा चेहरा पांढराफटक होता.

“मी शाळेत होते,” ती म्हणाली. “जेवताना तू म्हणालीस, झाडाच्या आत काय होतं ते कोणी बघत नाही. आई म्हणाली, जेव गप्प. मी ते विसरले नाही, ताई. मी त्यासाठीच इथे आले. चाचणीआधी समितीला तेच सांगणार होते, की कल्पना माझी नाही, ताईची आहे. पण मला कुणी आत येऊ दिलं नाही.”

ताईने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. यावर काय म्हणायचं असतं, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

चाचणी पुन्हा घ्यायची ठरली. ताई तेव्हा संस्थेत नव्हती. तिचा कोट खुंटीवर तसाच होता, आणि धाकटीच्या कोटाला इस्त्री नव्हती. समिती आली, अत्तरवाले आले, साहेब एका कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. या वेळी धाकटीला आत उभं राहू दिलं होतं, आणि पिपेटही तिच्याच हातात दिलं होतं. मावशी दाराशी बसल्या होत्या.

धाकटीने चौथी बाटली उघडली. पिपेट भरलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. तिला ताईचा संताप येत होता, आणि या क्षणी शेजारी ताईच हवी होती. ताईच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

“गढूळ.”